अकरावा अर्ज

धुरपताबाई इंगोले माझ्या टेबलाला वळसा घालून माझ्या खुर्चीपाशी आल्या आणि म्हणाल्या, "पदर पसर, बाईसाहेब."

मी म्हटलं, "अहो, इथं नको. ऑफिस आहे हे."

"ऑफिस हाय म्हणून काय झालं? सवाशीण हाईस ना?"

सात कारकुनांचे हात टाइपरायटरवर थांबले. मी उठून पदर पुढे केला. त्यात खणाचा तुकडा आला, नारळ आला, हळकुंड आलं आणि पसाभर गहू आले. त्यातले निम्मे दाणे टेबलावरच्या ज्येष्ठता यादीवर सांडले. धुरपताबाईंनी माझ्या कपाळाला बोट टेकवलं. त्यांच्या बोटाला कुंकवापेक्षा तंबाखूचा वास जास्त होता.

"अकरा वर्सं," त्या शाखेकडे वळून म्हणाल्या, "अकरा वर्सं इथं नुसते खुर्च्या उबवणारे बसले होते. ही एक आली, माणसासारखं माणूस. मपल्या लेकाचा संसार हिनं जोडला."

शाखेतले सगळे माझ्याकडे बघत होते. मी लाजल्यासारखं केलं. खरं सांगायचं तर मला इतकं बरं वाटलं होतं, की त्या दिवशी ते गहू मी कुणाला झाडू दिले नाहीत. एकटे हेडक्लार्क गोरठेकर मान खाली घालून कसली तरी नोंद करत राहिले. मला वाटलं, जळतोय.

ही गोष्ट शहाऐंशी सालची. आमचं मंडळ बियाणं तपासायचं. शेतकऱ्याच्या हातात जाणारं बी उगवेल की नाही हे आधी पाहून घ्यायचं, एवढंच आमचं काम. नांदेडच्या विभागीय कार्यालयात मी आस्थापना अधिकारी होते. आस्थापना म्हणजे बियाण्याशी संबंध नाही, माणसांशी. नेमणूक, बदली, बढती, रजा, निवृत्ती. हल्ली याला एचआर म्हणतात. माझी नात तेच करते, गार खोलीत बसून. आमच्या शाखेत एक पंखा होता आणि तो कागद उडवतो म्हणून बंद ठेवायचा नियम होता. नियम मीच केलेला.

त्या पदावर बसलेली मी पहिली बाई. माझ्या आधीच्या तिघा साहेबांनी जे केलं नाही ते आपण करून दाखवायचं, असं मी औरंगाबादहून निघतानाच ठरवून आले होते. काय करायचं ते नक्की नव्हतं. मग एप्रिलमध्ये बदल्यांच्या फायली उपसताना मला इंगोले दांपत्य सापडलं.

पुष्पलता इंगोले उदगीरच्या प्रयोगशाळेत सहायक. नवरा भानुदास इंगोले हिंगोलीच्या केंद्रावर कारकून. लग्न झाल्यापासून दोघं दोन गावांत. आणि दरवर्षी मे महिन्यात दोघांच्या सहीचा एक अर्ज, पत्नीची बदली हिंगोलीला करून पती-पत्नीस एकत्र ठेवावे. असे दहा अर्ज फायलीत एकावर एक लावलेले होते, अकरावा नुकताच वेळेआधी आला होता. एकावरही शेरा नाही. मंजूर नाही, नामंजूरही नाही.

मी गोरठेकरांना बोलावलं. गोरठेकर पन्नाशीचे, बारीक, कानावर पेन्सिल. बोलायला सुरुवात करण्याआधी ते नेहमी चष्मा पुसायचे.

"हे काय आहे?"

त्यांनी चष्मा पुसला. "इंगोल्यांचा अर्ज. तो राहू द्या, बाई."

"का?"

"दरवर्षी येतो तो."

"तेच विचारतेय. दरवर्षी येतो आणि दरवर्षी राहतो, हे कसं?"

"काही काही राहिलेलं बरं असतं."

यावर मी त्यांना जे सुनावलं ते शाखेच्या दारापर्यंत ऐकू गेलं. म्हटलं, तुमच्यासारख्यांमुळे लोक सरकारी कचेरीला शिव्या घालतात. नवरा-बायको अकरा वर्षं ताटातूट सोसतात आणि तुम्ही त्यांच्या अर्जावर पेपरवेट ठेवता. तुमच्या घरात असं झालं असतं तर? गोरठेकर ऐकून घेत राहिले. शेवटी एवढंच म्हणाले, "आदेश टाइपला देऊ?"

"आदेश मी स्वतः लिहिणार आहे."

आणि लिहिला. 'मानवी दृष्टिकोनातून' हे शब्द मी त्यात दोनदा घातले. हिंगोलीला प्रयोगशाळा सहायकाचं एक मंजूर पद रिकामं दिसत होतं, तिथं पुष्पलता इंगोले यांना नेमलं. सात दिवसांत रुजू व्हावं. सोमवारी आदेश निघाला. रात्री जेवताना आमच्या ह्यांना सगळं सविस्तर सांगितलं. हे कॉलेजात इतिहास शिकवायचे. म्हणाले, "छान केलंस," आणि वरण मागितलं.

बुधवारी धुरपताबाई येऊन ओटी भरून गेल्या. गुरुवारी सून आली.

पुष्पलता इंगोले तिशी ओलांडलेली, सावळी, अंगाने लहानखुरी. बी जिवंत आहे का ते पाहायला प्रयोगशाळेत एक औषध वापरतात, जिवंत बी त्यात लाल होतं. तिची बोटं त्या औषधानं नखांपर्यंत लालसर झालेली होती. तिनं हातातला कागद माझ्यापुढे ठेवला. बदली रद्द करण्याबाबत.

मी तो दोनदा वाचला. "रद्द?"

"हो मॅडम."

"अहो, तुम्हीच मागितली होती ना? ही तुमची सही."

"माझीच आहे."

"मग?"

"मुलीची शाळा आहे उदगीरला. चौथीत गेली."

"हिंगोलीत शाळा नाहीत का?"

"आहेत."

"वडिलांजवळ राहील पोर. ते बरं नाही का?"

"बरंच आहे."

"मग अडचण काय?"

ती म्हणाली, "हिंगोलीचं पाणी मला मानवत नाही."

मी हसले. पाणी उकळून प्यायचा सल्ला दिला. मग खुर्चीत मागे रेलून संसारावर बोलले. मला वाटतं, पंधरा मिनिटं बोलले. स्त्रीनं दोन पावलं मागे यावं, सासूचा जीवही जाणावा, एकत्र राहिल्यानं भांडणं होतात पण ती मिटतातही, असं बरंच काही. ती उभी होती. तिला बसायला सांगायचं राहूनच गेलं. माझं संपल्यावर ती म्हणाली, "सात दिवसांचे दहा नाही का होणार?"

"कशासाठी?"

"सोय लावायला."

"सामानाची ना? ट्रकला एक दिवस पुरतो."

तिनं तिचा कागद घडी करून परत पर्समध्ये ठेवला आणि गेली. जाताना गोरठेकरांच्या टेबलापाशी क्षणभर थांबली. ते उभे राहिले. माझ्यासमोर ते उभे राहायचे तसेच.

शुक्रवारी सकाळी भानुदास इंगोले आला. उंच, वाकलेला, शर्टाच्या खिशात तीन पेनं. मी आधी त्याचं अभिनंदन केलं. तो कसनुसा हसला.

"मॅडम, ती ऑर्डर. मागं घेता आली तर बघा."

"तुम्हीसुद्धा?"

"हो."

"अहो, अर्ज तुम्ही केलात."

"अर्ज केला. दरवर्षीच करतो."

"मग मंजूर झाला तर तक्रार कशी?"

"मंजूर होत नसायचा ना, मॅडम," तो अगदी मनापासून म्हणाला. "आजवर कधी झाला नव्हता."

मी म्हटलं, "होणार नसेल तर करता कशाला?"

"आईपुढं बसून लिहावा लागतो. मोठ्यानं वाचून दाखवावा लागतो. तिच्यादेखत पाकिटाला डिंक लावतो. मे महिना लागला की ती आठवण करून देती. औंदा तर तिनं एप्रिलमधीच बसवलं."

"मग बायको यावी असं तुम्हाला वाटत नाही?"

तो खिशातली पेनं चाचपायला लागला. "तसं नाही."

"मग कसं?"

"ते... बोलता येत नाही, मॅडम."

आणि इथं माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या काळी मी मासिकांतल्या कथा फार वाचायचे. नवऱ्याला बायको गावात नको आहे, सांगता येत नाही, नजर चुकवतो, म्हणजे हिंगोलीत दुसरी कुणीतरी आहे. त्याच्या मानेवर पावडरसुद्धा दिसली मला. आता वाटतं, उकाड्याची घातली असेल.

"इंगोले," मी म्हटलं, "मला सगळं समजलं."

त्याचा चेहरा एकदम उजळला. "समजलं? मग फार बरं झालं."

"तुमची बायको सोमवारच्या आत हिंगोलीला येईल. मी बघते कोण अडवतं."

तो उजळलेला चेहरा कसा विझला ते मी अजून विसरले नाही. तो निघून गेला. मी कागद ओढून तार लिहिली, उदगीरच्या प्रमुखांना. पुष्पलता इंगोले यांस आजच कार्यमुक्त करावे. एकदा कार्यमुक्त केलं की माणसाला त्या जागी दुसऱ्या दिवशी हजेरी लावता येत नाही, क्वार्टर सोडावं लागतं. तार गोरठेकरांच्या हातात दिली.

त्यांनी ती वाचली. टेबलावर ठेवली. तिच्यावर पेपरवेट ठेवला.

"ही मी पाठवत नाही, बाई."

एकोणीस वर्षांच्या नोकरीत या माणसानं कुठल्या साहेबाला नाही म्हटल्याचं शाखेत कुणाला आठवत नव्हतं. मला राग यायच्या आधी नवल वाटलं.

"काय म्हणालात?"

"आत चला. रेकॉर्ड रूममध्ये. इथं नको."

रेकॉर्ड रूममध्ये खुर्ची नव्हती. सेवापुस्तकांच्या गठ्ठ्यावर मी बसले. गोरठेकर उभे. त्यांनी चष्मा पुसला.

"उदगीरच्या क्वार्टरमध्ये पुष्पलताबाईंची आई असते. एक अंग गेलंय तिचं, अकरा वर्षं झाली. या एकुलत्या एक. सकाळी आईचं सगळं करून, शेजारणीला सांगून प्रयोगशाळेत येतात. प्रयोगशाळा क्वार्टरच्या समोरच आहे. दुपारी दोनदा जाऊन कूस बदलून येतात. प्रमुखांना माहीत आहे."

"मग आईला घेऊन यायचं हिंगोलीला."

"धुरपताबाईंनी लग्नातच सांगितलं होतं, लेकीच्या सासरी तिच्या मायनं राहायचं नसतं. लोक मला हसतील म्हणाल्या. बाई वाईट नाहीत. पण तेवढ्या एका गोष्टीवर हलत नाहीत."

"आणि नवरा?"

"भानुदास? तो दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी उदगीरला आढावा बैठकीला जातो की."

"उदगीरला कसली आढावा बैठक?"

गोरठेकरांनी दार लोटून घेतलं. मग हळूच म्हणाले, "तीच. सासूला आंघोळ घालायला दोन माणसं लागतात. ती तो महिन्यात एकदा नीट घालतो. आईला सांगितलेलं नाही. तिला अर्ज दाखवतो."

बाहेर टाइपरायटर पुन्हा सुरू झाले होते.

"हा अर्ज करायचा असतो, बाई. मंजूर करायचा नसतो. तुमच्या आधीच्या तिन्ही साहेबांना हे ठाऊक होतं. फायलीवर लिहून ठेवण्यासारखं नव्हतं, म्हणून कुणी लिहिलं नाही."

"मला का नाही सांगितलंत?"

"म्हटलं ना, राहू द्या म्हणून."

"ते काय सांगणं झालं?"

"पुढचं सांगणारच होतो. तुम्ही मला माझ्या घराबद्दल विचारायला लागलात."

मी उठले, परत बसले. "आता त्या आईचं काय?"

"अहमदपूरला पुतण्या आहे. गोठ्याला लागून खोली आहे म्हणतो, तिथं टाका आणून. कालपासून पुष्पलताबाई तेच ठरवतायत. दहा दिवस मागितले ते त्यासाठी. म्हातारी तिथं किती दिवस काढेल ते त्यांना कळतं."

ट्रकला एक दिवस पुरतो, असं मी म्हणाले होते. ते आठवल्यावर मला सेवापुस्तकांच्या गठ्ठ्यात शिरावंसं वाटलं.

"आदेश रद्द करू. आत्ता," मी म्हटलं.

"कारण काय देणार?"

"खरं ते."

"रद्द आदेशाची प्रत हिंगोलीला जाणार. तिथं आवक टेबलावर धुरपताबाईंचा भाचा बसतो. संध्याकाळपर्यंत ती प्रत त्यांना वाचून दाखवलेली असेल. भानुदासानं मागं घ्यायला सांगितलं असं कळलं, तर तो घरात राहू शकणार नाही. आईच्या बाबतीत तो..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

"मग दुसरं काही कारण शोधा. तुम्ही इतकी वर्षं काढलीत."

"शोधायला कशाला पाहिजे? आहेच." त्यांनी घसा साफ केला. "हिंगोलीला प्रयोगशाळा नाही."

"काय नाही?"

"प्रयोगशाळा. पद मंजूर आहे. इमारत पुढच्या पंचवार्षिकात. तुम्ही नेमलंय कागदावरच्या खोलीत. पुष्पलताबाई रुजू व्हायला गेल्या असत्या तर त्यांना झाडाखाली बसवावं लागलं असतं."

"आणि हे तुम्हाला आदेश निघाला त्या दिवशी माहीत होतं?"

"हो."

"आणि बोलला नाहीत."

"आदेश तुम्ही स्वतः लिहिणार होतात."

मला हसू आलं. एवढं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते पाणी थांबायला जरा वेळ लागला. गोरठेकरांनी भिंतीकडे तोंड करून कुठलंसं सेवापुस्तक चाळल्यासारखं केलं.

टिपणी मी लिहिली. पदासाठी प्रयोगशाळा अस्तित्वात आहे किंवा कसे याची खातरजमा न करता आस्थापना अधिकाऱ्यांनी घाईने आदेश काढला असून चूक सर्वस्वी त्यांची आहे, सबब आदेश रद्द करण्यात यावा. गोरठेकर म्हणाले, 'सर्वस्वी' काढा, एवढ्याची गरज नाही. मी ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या टिपणीत मी जे लिहिलं ते अक्षरशः खरं होतं, त्यामुळे हात चांगला चालत होता.

पुण्याहून संचालकांचा फोन आला. "देगलूरकरबाई, प्रयोगशाळा नसलेल्या गावाला प्रयोगशाळा सहायक? उद्या विहिरीत पोस्टमन नेमाल." मी म्हटलं, चूक झाली. ते म्हणाले, चूक तर झालीच. त्या वर्षीच्या माझ्या गोपनीय अहवालात 'सहृदय परंतु उतावीळ' असं आलं आणि बढती दोन वर्षं लांबली. पुढे निवृत्तीच्या समारंभात त्याच संचालकांच्या जागी आलेल्या एका तरुण साहेबानं माझा 'अचूक अधिकारी' म्हणून गौरव केला. त्याला बिचाऱ्याला कुणी लिहून दिलं असेल.

सोमवारी रद्द आदेश निघाला. मंगळवारी दुपारी धुरपताबाई हजर.

या वेळी त्या टेबलाच्या पुढच्या बाजूला उभ्या राहिल्या. मी खुर्ची पुढे केली. त्या बसल्या नाहीत.

"काय गं, एका सहीनं घर जोडतीस आन् दुसऱ्या सहीनं मोडतीस?"

"चूक झाली माझी. तिथं प्रयोगशाळाच नाही."

"आधी दिसलं न्हाई तुला?"

"नाही दिसलं."

"डोळ्यावर चष्मा हाय की एवढा." त्या शाखेकडे वळल्या. "आन् हिची म्या ओटी भरली."

कुणी हसलं नाही. मी हात जोडले. मला वाटलं, त्या आणखी बोलतील आणि मी ऐकून घेईन आणि ते एका परीनं बरंच होईल. पण त्या एकदम बसल्या. पदरानं मान पुसली.

"तिला म्हणलं होतं म्या, तुपली माय न्हाई चालायची घरात. म्हणलं होतं. तवा मपले हातपाय धड होते." त्या माझ्याशी बोलत होत्या की स्वतःशी ते कळत नव्हतं. "आता गुडघे न्हाईत. तिच्या मायजवळ लेक हाय, आन् मपल्याजवळ भानुदास. चांगला हाय. पण भाकरी येत न्हाई त्याला. आंघोळीला पाणी टाकून जातो, पाठ घासायला कोण हाय?"

मला बोलता येण्यासारखं खूप होतं आणि त्यातलं एकही वाक्य माझं नव्हतं. मी पाणी मागवलं. त्या प्यायल्या. पेला खाली ठेवून त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, पहिल्यांदाच.

"तुपली माय हाय का?"

"आहे."

"कुठं असती?"

"वसमतला. भावाकडं."

"हे काय, घंट्याभराचा रस्ता. कधी गेलतीस?"

"दिवाळीत."

"चालती-फिरती हाय?"

"हो," मी म्हटलं. मग म्हटलं, "दिवाळीत होती."

"जेवती नीट? सून देती?"

मला ते माहीत नव्हतं. आई मुलीच्या घरी राहत नसते असं आईच म्हणायची, आणि मला ते सोयीचं होतं. वसमत नांदेडपासून एवढं जवळ, की तिकडे जाणं रोज उद्यावर टाकता येत होतं. मी दिवाळीत गेले तेव्हा ती मधल्या खोलीत दाराआड बसली होती आणि 'कामं सोडून कशाला आलीस' म्हणाली होती. मी तिचं ऐकून दुपारच्या बसनं परत आले होते.

धुरपताबाई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू दाराकडे गेल्या. गोरठेकर त्यांना बस स्टँडपर्यंत सोडायला गेले.

ते परत आले तेव्हा मी म्हटलं, "गोरठेकर, माझा रजेचा अर्ज लिहा."

त्यांनी चष्मा पुसला, छापील नमुना काढला, माझं नाव आणि पद भरलं.

"कारण?"

"वसमतला जायचंय. आईला इकडे आणायचंय. येईल की नाही माहीत नाही. नाही आली तर मी तिथं राहीन म्हणते."

त्यांनी लिहिलं, 'खाजगी काम'.

"किती दिवस?"

"शिल्लक किती आहे?"

ते रेकॉर्ड रूममधून माझं सेवापुस्तक घेऊन आले. मागची पानं उलटली, बोट फिरवत बेरीज केली आणि पुन्हा एकदा केली.

"एकशे ऐंशी दिवस," ते म्हणाले. "याच्यावर साठत नाही, बाई. तीन वर्षांची रजा बुडालीय."